चाहते पैशांबद्दल विचारतात, काय लिहावं?

प्रश्न: रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. चाहत्यांच्या पत्रांत हमखास येतं, ‘रेकॉर्ड कंपनीशी करार झाला की पैसे सुरू?’ खरं उत्तर थोडक्यात कसं द्यावं?

उत्तर १: ॲडव्हान्स ही कमाई नव्हे, उचल आहे, हे आधी लिहा. ती बँडच्या वाट्यातून वळती होते. बहुधा स्टुडिओचा खर्चही. आकडा मांडा: उचल १०,०००, रॉयल्टी (विक्रीतला बँडचा वाटा) २० टक्के, म्हणजे ५०,०००ची विक्री होईपर्यंत हाती नवं काहीच नाही.

उत्तर २: गीत-संगीत लिहिणाऱ्याची रॉयल्टी वेगळी, तीत ही उचल सहसा कापली जात नाही. म्हणून कुणाचा किती वाटा, ते रेकॉर्डिंगआधीच कागदावर घ्या. बँड यावरूनही फुटतात.

उत्तर ३: पत्रात कुणी ‘संगीतासाठी नोकरी सोडू का?’ विचारलं, तर हो-नाही लिहू नका. किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, ते विचारा.