मानेच्या मणक्याचं ऑपरेशन: पहिल्या रात्री धोक्याची लक्षणं कशी ओळखायची? मदत हवी आहे

बाबांचं मानेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. सी-४ ते सी-७ (मानेचा चौथा ते सातवा मणका) यांमधल्या तीन गाद्या सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय. शर्टाचं बटणही लावता येत नाही, त्यामुळे टाळण्याचा प्रश्नच नाही. गळ्याच्या पुढून छेद घेऊन गाद्या काढणार आणि प्लेट बसवणार.

संमतीपत्र समजावताना सर्जन म्हणाले, क्वचित आत रक्त साठून श्वासनलिकेवर दाब येतो. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, कारण रात्री जवळ मीच थांबणार आहे. घसा दुखणं, गिळायला त्रास, आवाज बसणं हे तर बहुतेकांना होतं म्हणतात. मग वेगळं काय दिसलं की सिस्टरना हाक मारायची? ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त बाहेर डब्यात काढणाऱ्या नळीत) रक्त कमी आलं तर निर्धास्त राहायचं का? बाबांच्या हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावतात. कोणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (मी भूलतज्ज्ञ आहे):

आधी गोळीचं. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असताना तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून घेतात. स्वतःहून बंद करू नका, आजच फोन करा.

ड्रेनवर विसंबू नका. गुठळीने नळी तुंबते. डबा रिकामा आणि गळा आतून भरत चाललेला, असं होऊ शकतं. ऑक्सिमीटरचा आकडाही फार उशिरा घसरतो, त्यातून ऑक्सिजन चालू असेल तर आणखीच उशिरा. बाबांकडे बघा. गळा आवळल्यासारखं वाटतंय म्हणतात, आडवं पडवत नाही, उठून बसायची धडपड करतात, थुंकीही गिळवत नाही, आवाज घोगरा होत चाललाय, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो: यातलं एकही दिसलं तर लगेच हाक मारा. घसा दुखतो पण हळूहळू बरं वाटतंय, तर काळजी कमी. दर तासाला वाढतंय, तर थांबू नका. ऑपरेशननंतर मानेला लावलेल्या पट्ट्याखाली (कॉलर) सूज झाकली जाते, म्हणून सिस्टरना कॉलर सैल करून बघायला सांगा. बेचैनी दिसली की झोपेचं इंजेक्शन मागायचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळा.

साठलेलं रक्त नुसतं दाबत नाही. शिरांतलं परतीचं रक्त अडल्यामुळे स्वरयंत्राच्या आसपासचा भागच सुजतो आणि मग श्वासाची ट्यूब घालणं अवघड होतं. म्हणून वेळ आली तर डॉक्टर वॉर्डातच, बेडवर टाके उघडून रक्त बाहेर काढतात. ते बघून घाबरू नका, त्यानेच जीव वाचतो.

तीन पातळ्यांचं ऑपरेशन आणि झोपेतला श्वासाचा त्रास, दोन्हींमुळे धोका वाढतो. पहिली रात्र आयसीयूत ठेवता येईल का, हे आत्ताच विचारा.

धागाकर्ता: खूप आभार. हृदयरोगतज्ज्ञांची उद्याची वेळ मिळाली. घरी आल्यावरही असं होऊ शकतं का?

प्रतिसाद: रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत होतो, नुसती सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. उशिराही होतं, पण क्वचित. घरी श्वास किंवा गिळणं बिघडलं तर दवाखान्यात नंबर लावू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, गळ्यातून मणक्याचं ऑपरेशन झालंय.