वय ४४, नाटकात झोप लागते, चित्रांपुढं काय करायचं कळत नाही

पॅटर्नमेस्त्री:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटेल. हसला तरी चालेल, उत्तर मात्र द्या.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर. लाकडाचे, ॲल्युमिनियमचे पॅटर्न करतो, त्यावरनं वाळूत साचा घेतात आणि मग ओततात. बावीस वर्षं हेच काम. नाटक म्हणजे गल्लीतल्या गणपतीपुढं लहानपणी बघितलं तेवढंच, आणि चित्र म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. घरात कुणाला नाद नव्हता. तालमीत जायच्या वयात म्युझियममध्ये कोण जातंय?

गेल्या महिन्यात लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून बायकोनं नाटकाची तिकिटं काढली. ४०० रुपयाला एक. दुसरी रांग, एकदम कडेला. पंधराव्या मिनिटाला माझा डोळा लागला. घोरलो नाही असं माझं म्हणणं आहे, बायकोचं वेगळं आहे. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही.

त्याच्या आधी पोरीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी टाऊन हॉल म्युझियमला गेलो होतो. सीपीआर दवाखान्यात कुणाकुणाचा डबा घेऊन जाताना त्या फाटकावरनं शंभरदा गेलो असेन, आत पहिल्यांदाच. वीस मिनिटांत बाहेर. पोरीनं पाट्या उतरवून घेतल्या, मी पंख्याखाली उभा राहिलो. एका चित्रापुढं एक गृहस्थ हाताची घडी घालून इतका वेळ थांबले होते की मला वाटलं, त्यांना चक्कर वगैरे आली की काय.

तर ही माणसं बघतात काय नेमकं? हे लहानपणीच अंगात मुरावं लागतं, का चव्वेचाळिसाव्या वर्षी पण जमतं? पुस्तकं सुचवू नका, माझ्याच्यानं वाचून होणार नाहीत.

रंकाळ्याचा_वारा:

भावा, ४०० रुपयांत एसीत झोप, लॉजपेक्षा स्वस्त पडलं की! चेष्टा सोड, नाटकाला जायच्या आधी काय जेवला होतास ते सांग. तांबडा-पांढरा हाणून आत बसलास तर समोर कोण पण येऊ दे, डोळा लागणारच.

पॅटर्नमेस्त्री:

मटणच होतं. वाढदिवसासारखाच दिवस, म्हणून बाहेर जेवलो आणि तिकडनंच गेलो.

विंगेतला:

मेस्त्री, तुमचं नाव वाचूनच उत्तर द्यावंसं वाटलं. कोल्हापुरात नाटक आणि चित्र ही दोन वेगळी खाती नाहीतच, आणि दोन्ही जोडणारा माणूस तुमच्यासारखाच मेस्त्री होता. बाबूराव पेंटरांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील लाकूडकाम, मूर्तिकाम, चित्रं सगळंच करणारे. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा नंतरचा, आणि त्याचा कॅमेरासुद्धा इथंच घडवला. बाबूरावांचा जन्म १८९० चा. केशवराव भोसले पण त्याच सालचे, याच गावातले. एक पडदा रंगवणारा आणि एक त्याच्यापुढं उभं राहून गाणारा.

मी दिवसा एका पतसंस्थेत वसुलीला असतो आणि तीस वर्षं हौशी नाटकांना प्रकाश करतोय. त्यामुळं मला नाटक बाजूनंच दिसतं. तुम्हाला पण तसंच दिसलं, तीच गडबड झाली. दुसऱ्या रांगेत कडेला बसलात म्हणजे पात्रांचे कान बघितलेत. एकमेकांशी बोलतात तेव्हा निम्म्यांची पाठ तुमच्याकडं. दिग्दर्शक तालमीत बसतो मधोमध, जरा मागं. सगळी मांडणी त्याच्या डोळ्यासाठी झालेली असते. म्हणून तिकीट काढताना प्लॅन बघा आणि मधलीच खुर्ची मागा, सहावी ते दहावी रांग. पुढच्या रांगेचा हव्यास लग्नाच्या पंगतीत ठीक आहे.

दुसरं सांगतो. जो बोलतोय त्याच्याकडं सारखं बघत बसू नका, त्याचं ऐकूच येतंय. जो गप्प आहे त्याच्याकडं बघा. कच्चा नट आपलं वाक्य संपलं की विझतो, हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नाही, पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहतो. चांगला असेल तर समोरचं वाक्य त्याच्या खांद्यात दिसतं. एकदा हे बघायची सवय लागली की झोप येत नाही, कारण स्टेजवर एका वेळी तीन-चार गोष्टी चालू असतात आणि कुठली बघायची हे तुमच्या हातात असतं. टीव्हीत ते कॅमेरावाला ठरवतो.

तिसरं म्हणजे काळोख. प्रवेश संपला, अंधार झाला की लोक मोबाईल काढतात. नका काढू. डोळे सरावले की खाली रेडियमच्या बारक्या पट्ट्या दिसतील, त्यावरनं नट आपली जागा धरतो. पंधरा-वीस सेकंदांत टेबल जातं, पलंग येतो, कुणाला धडक नाही. तुम्ही कारखान्यातले आहात, तुम्हाला त्या कामाची किंमत कळेल.

एकदा स्पर्धेच्या प्रयोगात आमच्या सेटचं दार अडकलं. बाहेरनं नवीन रंग दिलेला, वाळलाच नव्हता. नायकानं दोनदा ओढलं, हलेना. मी लाईटच्या बोर्डाशी घामाघूम. गडी शांतपणे वळला, "पावसानं दार फुगलंय, आई" म्हणाला आणि खिडकीतनं पाय टाकून निघून गेला. बाहेरचा पाऊस संहितेत कुठंच नव्हता. टाळ्या पडल्या. परीक्षकांना काय वाटलं माहीत नाही, आम्हाला नंबर मिळाला नाही हे खरं. पण त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये जी माणसं होती त्यांनाच ते मिळालं.

४०० रुपयांनी सुरुवात करू नका. दिवाळीनंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धा लागते, कोल्हापूर केंद्रावर. चहा-वड्याच्या पैशात तिकीट, रोज नवीन नाटक. चारातली दोन वाईट निघतील. तीही बघा, वाईट नाटकात सांधे उघडे पडलेले असतात आणि तुमच्या डोळ्याला ते लगेच दिसतील. आणि तिसरी घंटा व्हायच्या आत बसा.

केशवरावमध्ये बघितलं असतंत तर आणखी मजा होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पुरं केलेलं पॅलेस थिएटर, केशवरावांचं नाव मागाहून लागलं. माईक नसतानाच्या काळातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यावर जास्त लिहीत नाही.

शिलाईवाली_काकी:

विंगेतल्या भाऊंनी नाटकाचं सांगितलं, मी चित्रांचं सांगते. मी पण शिकलेली नाही हो. शाहूपुरीत ब्लाऊज शिवते, एकवीसाव्या वर्षापासनं मशीनवर.

मला पण तुमच्यासारखंच व्हायचं. हॉलमध्ये शिरलं की सगळं बघितलं पाहिजे असं वाटायचं, चालत सुटायचं, आणि शेवटाला पाय दुखायचे. मग एकदा भिशीच्या बायकांबरोबर औंधला गेले, कराडवरनं. आम्ही गेलो होतो यमाईच्या दर्शनाला, डोंगरावर म्युझियम आहे म्हणून आत शिरलो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये बांधलेलं, राजे स्वतः चित्रं काढणारे. तिथं रविवर्म्याची खरी चित्रं आहेत, छापील नव्हेत. बाकीच्या पुढं गेल्या आणि मी एका पदरापाशी अडकले. लांबनं जरीचा धागा असा चमकतोय की हात लावावा. जवळ गेले तर जर कुठला? पिवळा, तपकिरी, मध्येच पांढरा, नुसते फटकारे. परत चार पावलं मागं, परत जर. असं पाच-सहा वेळा पुढं-मागं केलं. रखवालदार बघायला लागला.

त्या दिवसापासनं मी सगळं बघत नाही, कापड बघते. आपले एम. व्ही. धुरंधर, कोल्हापुरातच जन्मलेले, त्यांच्या बायका बघा कधी. नऊवारीचा काष्टा बरोबर जागी गेलाय का, ही बाई असं नेसून खरंच पाणी भरायला जाऊ शकेल का, हे मला एका नजरेत कळतं. आणि शकते! त्यांनी बायकांना चालताना बघितलेलं आहे. काही चित्रकारांच्या बायका नेसून नुसत्या उभ्या असतात, एक पाऊल टाकलं तर सुटेल.

आणि सगळंच आवडलं पाहिजे असं नाही. त्याच औंधला हेन्री मूर नावाच्या मोठ्या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे. मी सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं, मला अजून कळलेलं नाही. पण आठवतं मात्र सारखं.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. हो, सिनेमातले चंद्रकांतच. तिथं पावडर शेडिंगची चित्रं बघा. कोरडी पूड घासून केलेलं काम, ओला रंग नाही. त्यांचंच घर होतं ते, म्हणून पाहुण्यासारखं वाटतं, दबकायला होत नाही.

तुम्ही ओतकामातले ना? मग टाऊन हॉलला पुन्हा जा आणि चित्रांकडं आधी वळूच नका. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ब्राँझची छोटी मूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. तुमच्या पोरीनं पाटी उतरवली असेल.

खरं_बोलतो:

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू. मोठ्या नाटकांची तिकिटं परवडत नाहीत, चार माणसांचं घर गेलं तर दोन हजार. वर मालिकेतला चेहरा बघायला आलेले लोक त्याच्या एन्ट्रीला एवढ्या टाळ्या पिटतात की पहिली दोन वाक्यं वाहून जातात. माझ्या शेजारच्या बाईंनी एकदा व्हिडिओ कॉलवर बहिणीला निम्मा अंक दाखवला. माणूस झोपला तर काय चुकलं? निदान शांत होता.

पॅटर्नमेस्त्री:

सगळ्यांचे आभार. काकी, तुमचं ऐकलं. पण आधी आमची फजिती ऐका. आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. मोठ्या उत्साहानं गेलो आणि म्युझियम सोमवारी बंद. मग गुरुवारी अर्धी रजा टाकली. साहेबांना कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर रजा मिळाली नसती.

पोसायडन बघितला. वीतभर असेल नसेल. मागच्या वेळी त्याच्यावरनं चालत गेलो होतो, हे आता खोटं वाटतंय. पहिल्यांदा सवयीनं पार्टिंग लाईन शोधली. म्हणजे बघा, वाळूचा साचा दोन भागांत असतो, खालचा आणि वरचा, ते जुळतात तिथं ओतलेल्या मालावर एक बारीक रेघ उठते, ती आम्ही घासून काढतो. आणि पॅटर्न वाळूतनं सुटून बाहेर यायला त्याला सगळीकडनं थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर साचा फुटतो. आता ह्या देवाचा हात वर उचललेला, अंग जरा पिळलेलं, पोटाचे स्नायू खोल गेलेले. हे दोन भागांच्या साच्यातनं सुटणारच नाही. माझ्याकडं हे ड्रॉइंग आलं असतं तर मी चार तुकडे करून मागितले असते.

म्हणजे मेणाचंच काम असणार. मेणाची मूर्ती करायची, वरनं माती लिंपायची, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. माती फोडली की मूर्ती. रेघ नाही, उतार नाही, पण चुकली तर मेण पण गेलं आणि मूर्ती पण. आम्ही बिडाला मीटरमागं दहा मिलीमीटर जास्त धरतो, निवताना आकसतं म्हणून. ब्राँझ त्याहून जास्त आकसतं. त्या माणसानं दोन हजार वर्षांपूर्वी ते बोटांच्या अंदाजानं धरलं असेल. चेहरा बघून असं वाटलं की एका दिवसात नाही केलेला.

काचेला नाक लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शिपाई येऊन म्हणाला, "काय हरवलंय काय साहेब?" मी म्हणालो, "रेघ शोधतोय." तो पण बघायला लागला. शेजारच्या कपाटात ब्राँझचा हत्ती आहे, त्यावर माणसं बसलेली, तो त्यानंच दाखवला. त्याचा आवडता आहे म्हणाला. चित्रांकडं जायला वेळच उरला नाही. एकच बघितलं, जाता जाता, पाण्याचं होतं. ऊन कुठनं येतंय तेवढं शोधलं. डावीकडनं. सकाळ असावी.

विंगेतले भाऊ, तिकिटं काढली. प्लॅनवर बोट ठेवून मधलीच मागितली, आठवी रांग, पंधरा आणि सोळा. बायकोला दाखवली तर म्हणाली, "परत?" मटण नाही, साधी आमटी-भात, आणि दुपारी झोपून घ्या, असा हुकूम आहे.

विंगेतला:

पंधरा-सोळा एकदम बरोबर. मोबाईल बंद, व्हायब्रेटवर नव्हे.

पॅटर्नमेस्त्री:

बंद. आता झोपायला चाललोय, साडेचारला उठवा म्हणून सांगितलंय.