मोबाइल एजंट सोडले की नेटवर्कवरचा भार खरंच घटतो?

बॅकबोन
"पोलिंग बंद करा, मोबाइल एजंट सोडा, भार आपोआप घटेल", असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. पोलिंग म्हणजे मध्यवर्ती स्टेशनने प्रत्येक राउटरला ठराविक वेळाने आकडे विचारणं; मोबाइल एजंट म्हणजे राउटर ते राउटर फिरून माहिती जमवणारा प्रोग्रॅम. बेरीज केली का कुणी? एजंटचा कोड ३० केबी, राउटर ४०, प्रत्येकाची माहिती १ केबी धरा. परतीसह ४१ टप्पे, म्हणजे नुसत्या कोडचे १२३० केबी. जमवलेलं ओझं टप्प्यागणिक वाढतं, त्याचे आणखी ८२०. झाले २ एमबी! एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना आकडे विचारायच्या नेहमीच्या प्रोटोकॉलने, थेट विचारा. विनंती-उत्तराचे राउटरमागे २ केबी धरले तरी ८० केबीत काम होतं.

दूरचं_टोक
उदाहरण सोयीचं घेतलंत. १०,००० ओळींचं राउटिंग टेबल उपग्रह लिंकपलीकडून गेटनेक्स्टने, म्हणजे एका विनंतीत एकच ओळ मागत, वाचा. ६०० मिलिसेकंदांची एक फेरी, एका कॉलमलाच १०० मिनिटं. एजंट तिथेच चाळून हव्या त्या चार ओळी आणतो.

बॅकबोन
गेटबल्क वापरा, ते एका विनंतीत अनेक ओळी आणतं. मॅक्स-रिपिटिशन्स, म्हणजे एका वेळच्या ओळी, २५ ठेवलं की ४०० फेऱ्या, ४ मिनिटं.

काउंटर६४
गेटबल्क एसएनएमपीच्या व्हर्जन २ मध्ये आलं, ६४ बिटी काउंटरही त्यातच. तरी लोक ३२ बिटी इफ-इन-ऑक्टेट्सच (पोर्टवर आलेल्या बाइट्सचा काउंटर) वाचत बसतात! १ गिगाबिटचा पोर्ट भरून वाहत असेल तर तो काउंटर ३४ सेकंदांत उलटतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो. ५ मिनिटांच्या पोलिंगमध्ये आठ वेळा उलटला, आणि आलेखात पोर्ट निवांत. त्याचं ६४ बिटी रूप, इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स, घ्या.

दूरचं_टोक
विषय एजंटचा चाललाय. काउंटर कशाला मध्ये?

काउंटर६४
कशाला म्हणजे? एजंटही तोच काउंटर वाचणार. चुकीचा आकडा जागेवर जाऊन वाचला म्हणून बरोबर ठरत नाही. सिस-अप-टाइमही, म्हणजे उपकरण सुरू झाल्यापासूनचा वेळ, सोबत वाचा. तो मागे गेला असेल तर ते वाचन टाकून द्या, नाहीतर रीबूटला काउंटर उलटला समजून आलेखात खोटं शिखर उभं राहतं.

रात्रपाळी
रीबूटचंच बोला. एजंट २९व्या राउटरवर असताना तो राउटर बंद पडला, तर आधीच्या २८ जणांची माहितीही गेली. स्टेशन वाट पाहून दुसरा एजंट सोडतं. पहिला नुसता अडकलेला असेल तर दोघंही एकच कॉन्फिगरेशन बदलतात. वाचण्यापुरतं ठीक, लिहिणारा एजंट फिरता नको.

दूरचं_टोक
बरं, फिरता नको. पण स्क्रिप्ट एकदाच पाठवून तिथेच ठेवायला काय हरकत? २००१ च्या आरएफसी ३१६५ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातली स्क्रिप्ट एमआयबी हेच करते.

बॅकबोन
तेवढं मान्य. पण त्याला मोबाइल एजंटचा विजय म्हणू नका, ते काम सोपवणं झालं. आणि फिरत्या एजंटवर डिजिटल सही असली तरी ती राउटरला एजंटपासून वाचवते. ताब्यात गेलेल्या राउटरने एजंटच्या पोटातले पासवर्ड वाचले तर सही काय करणार?