चाकावरच्या पत्र्याच्या डब्यात हिवाळाभर जागल करायची आहे, ऊब कशी धरावी? मदत हवी

राम राम राजेहो. जागल म्हणजे रात्रभर पिकाची राखण. मी वरूड तालुक्यातला, वावर सातपुड्याच्या पायथ्याशी. एक तुकडा संत्र्याचा, दुसरा तिथून चार किलोमीटरवर हरभऱ्याचा. मृग बहाराची संत्री अजून झाडावर आहेत, हरभऱ्यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं घुसतात, त्यात शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीचीच. म्हणजे ओलितालाही मुक्काम तिथंच. दोन खोपड्या बांधण्यापेक्षा एकच चाकावरची बरी म्हणून रस्त्याच्या कामावरचा एक जुना डबा घेतला. १२ फूट लांब, ७ रुंद, आत साडेसहा फूट उंच. ट्रॅक्टरला जोडला की निघाला.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर आला होता. आमच्या ओल्या वावरात नुसत्या पत्र्याखाली काय होत असेल ते समजून घ्या. पहाटे चारच्या सुमारास छताच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर थेंब लोंबत असतो. पहिला कपाळावर पडतो, मग ओळीनं गोधडीवर. पाऊस नाही, आपलाच श्वास!

आता खरी गोष्ट. मागच्या पौषात बाबा मुक्कामाला होते. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, निखारे घमेल्यात भरून आत ठेवले, दार लावून झोपले. मी साडेपाचला चहा घेऊन गेलो तर उठून बसता येत नव्हतं, डोकं फुटतंय म्हणाले, बाहेर आणल्यावर दोनदा उलटी. डॉक्टरांनी सांगितलं, निखाऱ्याचा वायू, कार्बन मोनॉक्साइड. तेव्हापासून डब्यात विस्तव बंद. पण बाबांची जागल काही बंद होत नाही.

सध्या आहे ते : १६० वॅटचं सोलर पॅनल, १२ व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, छोटा इन्व्हर्टर. दोन एलईडी, मोबाईल, बॅटरीचा टॉर्च एवढं आरामात चालतं. यावर हिटर चालेल का? नाहीतर पाच किलोचा छोटा सिलिंडर आणून गॅसची शेगडी?

जुना वायरमन : भाऊ, हिटरचं विसरा. दीडशेची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर दोन हिवाळ्यांत बॅटरी भंगारात. हजार वॅटचा हिटर तासाभरात सगळं पिऊन टाकेल. आणि तुमच्या डब्याचा पत्रा सगळ्या बाजूंनी मिळून साधारण ३८ चौरस मीटर भरतो. आत-बाहेर १५ अंशांचा फरक ठेवायचा तर उघड्या पत्र्यातून साडेतीन हजार वॅट नुसते वाहून जातात. आतून दीड इंच थर्माकोल आणि त्यावर प्लाय मारला तर हेच पाचशेच्या आत येतं. माणसाचं अंगच शंभरेक वॅट देतं. आधी डबा आतून असा मढवा, मग हिटरचं बोला. पॅनल आता दक्षिणेला तोंड करून ३५ अंशांवर उभं करा, उन्हाळ्यासारखं आडवं नको.

धानपट्टा : आमच्या गोंदियाकडे असं करायचं झालं तर मी तणस (धानाचा पेंढा) भरा म्हटलं असतं, पण उंदीर पहिल्याच महिन्यात संसार थाटतील. थर्माकोलच बरा, फक्त उघडा ठेवू नका, पटकन पेटतो. गॅसची शेगडी आत नकोच. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी हवेत येतं, म्हणजे तुमचे थेंब दुप्पट. शिवाय निखाऱ्याची भीती तिथंही आहेच, हवा कमी पडली की तोच वायू. वर दोन तळहातांएवढी जाळी, खाली दाराशी एक फट, कितीही थंडी असली तरी उघडी.

मूळ प्रश्नकर्ता : फट ठेवली तर ऊब राहणार कुठून?

जुना वायरमन : डबा नका तापवू, अंथरूण तापवा. जमिनीपासून खाट उचला, खाली प्लाय आणि जाड सतरंजी. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून पायाशी ठेवलं तर त्यातून ८० वॅट-तासांची ऊब मिळते, बॅटरीला हात न लावता. पाणी बाहेरच्या चुलीवर तापवा. मग हवा असेल तर ६०-७० वॅटचा इलेक्ट्रिक ब्लँकेट, पहिला तास जोरात, नंतर कमीवर. तो तुमच्या बॅटरीत बसतो. इन्व्हर्टर मात्र प्युअर साईन वेव्हचा असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता : सोमवारी वरूडला जातो, थर्माकोल आणि प्लाय बघतो. बाबांना ब्लँकेटचं सांगितलं तर म्हणतात, विजेच्या गोधडीत मी झोपणार नाही. रबरी पिशवीला मात्र तयार झाले. एक राहिलंच : छताच्या स्क्रूंच्या डोक्यांवर थर्माकोल नीट बसत नाही, तिथं काय लावता तुम्ही?