अमर चित्रकथा: ‘कृष्ण’ ११ नंबरचा की ५०१ नंबरचा?

पिवळी_पानं:
माळ्यावरच्या पेटीत अमर चित्रकथांचे साठ-सत्तर अंक आहेत, थोडे टिंकलही. ‘कृष्ण’ दोनदा आहे: एकावर क्रमांक ११, दुसऱ्यावर ५०१. ‘कृष्ण’ हाच पहिला अंक असं सगळीकडे वाचलंय, मग ११ कुठून आला? छपाई कधीची हे कशावरून ओळखायचं? आणि पिना गंजल्यात, त्यांचं काय करावं?

छापखाना:
दोन्ही क्रमांक खरे आहेत. इंडिया बुक हाऊसने आधी पाश्चात्त्य परीकथांची दहा पुस्तकं कन्नडमध्ये काढली होती. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली भारतीय कथा सुरू झाल्या तेव्हा तेच क्रमांक पुढे चालवले, म्हणून ‘कृष्ण’ ११. जाड कव्हरची पुनर्मुद्रणं आली तेव्हा मोजणी ५०१ पासून नव्याने धरली. म्हणजे ५०१ हा नंतरचा.

साल शोधताना कॉपीराइटच्या ओळीवर विसंबू नका, पुनर्मुद्रणातही पहिलंच साल राहतं. प्रकाशकाचा पत्ता वाचा. शहरापुढे ‘२६’ असा दोनच अंकी टपाल विभाग असेल तर मजकूर बहुधा पिनकोड येण्याआधीचा, म्हणजे ऑगस्ट १९७२ पूर्वीचा. सहा अंक असतील तर त्यानंतरचा. इंग्रजी अंकावर ‘बॉम्बे’ असेल तर साधारण १९९५ पर्यंतचा. १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) किंवा ‘एसीके मीडिया’ हे नाव दिसलं तर २००७ किंवा नंतरचा, कारण त्याच वर्षी हा सगळा पसारा इंडिया बुक हाऊसकडून एसीके मीडियाकडे गेला.

रंगही बघा. अगदी सुरुवातीला पैशांअभावी निळा, पिवळा आणि हिरवा एवढ्यांवरच भागवलं जायचं. पुढे पूर्ण रंगीत छपाई आली.

कोपऱ्यातला_वाचक:
दोन्ही ‘कृष्ण’ शेजारी ठेवून चौकट-चौकट ताडून पाहाच. पैंनी पहिल्या आवृत्तीत चमत्कार मुद्दाम बाजूला ठेवले होते, गोवर्धन उचलण्याचा प्रसंगसुद्धा. वाचकांची पत्रं आली आणि नंतरच्या आवृत्तीत ते आले. तुमचा ११ नंबर पहिल्या छपाईचा की नंतरचा, याचा अंदाज तिथेही मिळेल.

टिंकल ही वेगळी शाखा. १९८० मध्ये सुरू झालं, आणि मला कंपनीतला सर्वात मोठा बदल तोच वाटतो. पुराण-इतिहास सोडून रोजची मजा आली. तमिळनाडूतल्या एका वाचकाने लोककथा पाठवल्या, त्यांतून सुपंडी हा भोळसट नायक झाला. तो काढला राम वाईरकरांनी, ‘कृष्ण’ची चित्रंही त्यांचीच. टिंकलची बाकीची पात्रं: शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा, तंत्री अशोक डोंगऱ्यांचा. इंग्रजी मासिक, पण त्याची ओळख ठरवणारे हात मराठी, हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. शंभूची टोपी बघा: डोळे कायम झाकलेले. त्यामुळे त्याची सगळी भीती मिशी आणि लटपटत्या पायांतून दाखवावी लागते. हळबे ते सहज करत.

नव्वदीत केबल टीव्ही घरोघर पोचला आणि अमर चित्रकथेचे नवे विषय जवळपास थांबले. पुनर्मुद्रणांवर गाडी चालली. २००७ नंतर जाडजूड संग्रह, अ‍ॅप, अ‍ॅनिमेशन असं वळण आलं. टिंकलमध्ये शंभू शिकाऱ्याचा वन्यजीव-रक्षक झाला, आणि २०१५ मध्ये मिझोरामची मापुई ही मुलगी ‘विंगस्टार’ नावाची सुपरहिरो म्हणून आली.

कागदवेडा:
पिनांबद्दल. पिन बाहेरून उपटू नका, पान फाटतं. अंक मधल्या पानावर उघडा. पिनेची दुमडलेली टोकं तिथे दिसतील. खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून बोथट सुरीने टोकं सरळ करा आणि मग पिन पाठीकडून हळूच काढा. गंजाची पूड कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओला बोळा नको. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आतल्या बाजूला गाठ मारा.

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन शाईत उतरतो. पातळ टिश्यू आणि गव्हाची पातळ खळ पुरते. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. बाइंडरकडे दिलेत तर आधीच बजावा की तीन बाजू कापायच्या नाहीत, नाहीतर कडेचे संवादांचे फुगे आणि पानांचे आकडे जातात.

पिवळी_पानं:
पावसाळ्यात ठेवायचे कसे? डांबराच्या गोळ्या पुरतील?

कागदवेडा:
गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, ती दमटपणाने येते. अंक आडवे, एकावर एक वीसपेक्षा जास्त नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको, आणि पावसाळ्यात तिचं तोंड बंद करू नका, ओल आतच अडकते. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि दमट झालं की बदला. बुरशी लागलेला अंक आधी वेगळा काढा.