क्रोन्स ताकाने "मुळापासून" जातो म्हणे!

मनीची_आई: क्रोन्सबद्दलची, म्हणजे आतड्याच्या या जुनाट सुजेबद्दलची, कालची पोस्ट डोक्यातून जाईना. "गहू-साखर बंद, भाकरी-ताक सुरू, सहा महिन्यांत लेकाचा क्रोन्स मुळापासून गेला, गोळ्या आम्हीच थांबवल्या." ताई, कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे शौचातून आतड्याची सूज मोजायची तपासणी, पुन्हा केलीत का? माझ्या लेकीचंही पोट दुखायचं थांबलं होतं. तपासलं तर 1100, म्हणजे सूज भरपूर. आहाराने फरक पडतो, मान्य. स्टिरॉइडने उंची खुंटते म्हणून तिला आठ आठवडे नुसत्या फॉर्म्युल्यावर, म्हणजे डब्यातल्या पोषक पावडरीच्या पेयावर ठेवलं. नुसत्या म्हणजे नुसत्या. गणपतीत घरभर उकडीच्या मोदकांचा वास आणि ही आतल्या खोलीत ग्लास धरून. सूज उतरली. तरी अझाथायोप्रिन, ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, आजही चालू आहे.

सोलापूरकर: डब्यातली पावडर चालते, घरचं ताक नाही! पुतण्याला आधी टीबीच्या गोळ्या दिल्या, मग म्हणे क्रोन्स. ठेवा यांच्यावर विश्वास.

मनीची_आई: आतड्याचा टीबी नि क्रोन्स दुर्बिणीतूनही बरेचदा सारखेच दिसतात हो दादा. त्यात ताक कुठून आलं?

पथ्यपाणी: ताकाचंच सांगते. आतड्याच्या सुजेसाठी दोन पथ्यं आहेत, एससीडी आणि सीडीईडी. एससीडीत चोवीस तास विरजलेलं दही चालतं, भात-बटाटा बंद. सीडीईडीत सुरुवातीला दूध-दही बंद, भात-बटाटा चालतो, वर रोज कोंबडी आणि दोन अंडी. ज्वारी एससीडीत नाहीच. आणि कोलायटिसवाल्यांनो, म्हणजे फक्त मोठ्या आतड्याला सूज असणाऱ्यांनो, फॉर्म्युल्याचा तो गुण क्रोन्सचा, तुमचा नाही.

तुळशीवृंदावन: रोज अंडी? लहान लेकराला? आमच्या घरात हे शक्य नाही.

रस्सावाला: झालं! पोराचं वजन घटतंय आणि यांचं सोवळं. आमच्या घरमालकाला कचऱ्यात अंड्याची टरफलं दिसली, तर म्हणे खोली खाली करा. चार महिने टरफलं डब्यात भरून ऑफिसला नेली मी.

तुळशीवृंदावन: सोवळं काढू नका. माझा नातू आजारी आहे, घरमालक मी नाही.

रस्सावाला: बरं काकू, चुकलं. पण घर कोण देणार ते सांगा.

सोलापूरकर: आमच्याकडे या. भाडं कमी, अंडी चालतात.

भाकरीवाली_ताई: पोस्ट माझीच. करते तपासणी, झालं समाधान? आकडा चांगला आला तर इथेच माफी मागायची.

मनीची_आई: मागेन, ताकाच्या कृतीसकट. पण गोळ्या थांबवल्याचं डॉक्टरांना सांगितलंत का?

भाकरीवाली_ताई: सोमवारी जातेय.

रस्सावाला: सोलापूरकर, डिपॉझिट किती?