भुलाबाईची गाणी एक्सेलात भरली, तर तो साहित्याचा अभ्यास होतो का?

वऱ्हाडची लेक (धागा सुरू)

अमरावती जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. गेल्या वर्षी भाद्रपद पुनवेपासून कोजागिरीपर्यंत बी.ए.च्या मुलींनी आपापल्या गावची भुलाबाईची (आमच्याकडच्या मुली-बायांच्या सणाची) गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली, ऐकून ऐकून युनिकोडमध्ये टाइप केली आणि एक्सेलमध्ये रकाने पाडले: गाव, वय, माहेर.

एकाच गल्लीतल्या दोघी तेच गाणं वेगवेगळं म्हणत होत्या. गावाप्रमाणे लावून पाहिलं, काही उलगडेना. मग एका मुलीने माहेरच्या रकान्याप्रमाणे लावलं आणि सगळ्या ओळी आपापल्या जागी जाऊन बसल्या. सुनांनी गाणं माहेराहून आणलं होतं, आणि तीस-चाळीस वर्षं सासरी राहूनही त्यातला शब्द बदलला नव्हता. वहीत लिहिलेल्या गाण्यांत हे मला कधीच दिसलं नसतं.

स्टाफरूममध्ये मात्र ऐकावं लागलं की ही डाटा एंट्री आहे, साहित्य नव्हे. मला ते मान्य नाही. तुमचं मत सांगा.

जुना मास्तर

ताई, मेहनतीबद्दल आदर आहे, पण मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूचा. ‘सासर’ हा शब्द किती वेळा आला ते मोजून सासुरवास कळत नाही. शेवटी डबा वाजवत ‘खिरापत ओळखा’ म्हणून पोरी जो गलका करतात, तो कोणत्या रकान्यात भरणार? आमच्याकडच्या मुलांना आधीच सलग दहा पानं वाचायचा कंटाळा. त्यांच्या हाती शोधायची खिडकी दिली की पुस्तक उघडणारच नाहीत.

कास्तकाराचं पोट्टं

माह्या पायलेली गोष्ट सांगतो. मावशीचं बोलणं मोबाईलले ऐकवलं आन् त्यालेच लिहाले लावलं. मावशी म्हणे, “मले आता आठवत नाई, थांब.” मोबाईलनं लिवलं, “मला आता आठवत नाही, थांब.” ‘डोया’ (डोळा) म्हटलं त ‘दया’ उमटलं. आता सांगा, वऱ्हाडीचा अभ्यास करून राह्यले का तिले पुसून राह्यले? असं हजार पानं जमा झालं, त उद्याचा माणूस म्हणन, अमरावतीकडं ‘मले’ कोणी म्हणतच नव्हतं.

वऱ्हाडची लेक

दादा, अगदी खरं. म्हणूनच आम्ही यंत्राला लिहू दिलं नाही. एकच रेकॉर्डिंग दोन मुली वेगवेगळ्या बसून ऐकतात आणि जिथे त्यांचं जुळत नाही तिथे तिसरी ऐकते. ‘ळ’चा ‘य’ झाला असेल तर ‘य’च टाइप करायचा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणातही बोललेलं आवाजासकट ठेवलंय, ते याचसाठी. गुरुजी, खिरापतीचा गलकाही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. वहीत तो कुठे होता?

रिद्धपूरचा वाचक

हे काम आपल्या मातीला नवं नाही. म्हाइंभटांनी इथेच, रिद्धपुरात, १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं, ते चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, विचारून. पुढे मूळ पोथी हरवली, अनुयायांनी आठवणीतून पुन्हा लिहिली, म्हणून आज पाठभेदांचं रान आहे. ते पाठ शेजारी-शेजारी लावून फरक दाखवायला कॉम्प्युटरसारखा गडी नाही. मात्र पोथी महानुभाव पंथाच्या सांकेतिक सकळ लिपीत असेल तर नुसत्या स्कॅनने भागत नाही. त्या लिपीत अक्षरांची अदलाबदल केलेली असते. ती किल्ली ठाऊक असलेलं माणूस आधी शेजारी बसवावं लागतं.

जुना मास्तर

म्हाइंभटांचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. ते माणसांपर्यंत चालत गेले. यंदाच्या तुमच्या मुली गेल्या, हेही कबूल. पण पुढच्या वर्षीची बॅच तीच फाइल उघडून घरबसल्या प्रकल्प लिहील, तेव्हा काय कराल?

वऱ्हाडची लेक

ही भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू? सध्या एक नियम केलाय: जुनी फाइल उघडायची असेल तर आधी नवीन पाच गाणी स्वतः आणायची.

आजीची नात

तुम्ही सगळे गाण्यांवर बोलताय, गाणारीवर कोणीच नाही. आमच्या आजीने एक गाणं म्हटलं, त्यात तिच्या सासूचं नाव घालून शिव्या होत्या. म्हणाली, “हे तुह्याजोय ठेव, गावभर नको करू.” ते इंटरनेटवर गेलं असतं तर? हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, तिथे गाणारीचं नाव-गाव दिलेलं असतं. तुमच्या एक्सेलात वय आहे, माहेर आहे, नाव कुठे आहे?

वऱ्हाडची लेक

चूक झाली. नावाचा रकाना आम्ही केलाच नव्हता आणि परवानगीही तोंडीच घेतली होती. तुमचं वाचून काल संध्याकाळी दोन मुलींना परत पाठवलं. पहिल्याच घरी सत्तरीच्या काकू म्हणाल्या, “नाव टाक ना व माय. पण गाव माह्या माहेरचं टाकजो.”